देहाचे मोजमाप : एका अंकाचे परीक्षण

वाङ्मय आणि विचार यांना वाहिलेल्या मासिकात वजनकाट्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, टीकाकाराचे काम काव्यनाटकांपुरतेच संपत नाही. जे विधान लोकांत प्रमाण म्हणून चालते, ज्याच्या आधारे माणसे स्वतःविषयी बरेवाईट मत बनवितात, ते विधान मूळ कोणी केले, कोणत्या पुराव्यावर केले, आणि आज जेथे ते वापरले जाते तेथे ते लागू पडते की नाही, हे तपासून पाहणे हा टीकेचाच धर्म होय. आजच्या सुशिक्षित कुटुंबांत 'बीएमआय' या अंकाइतके निमूटपणे मान्य केले जाणारे विधान दुसरे क्वचितच सापडेल. कादंबरी वाचून कोणी रात्रीची भाकरी सोडीत नाही. हा अंक वाचून ती सोडणारी माणसे मात्र आम्ही पाहिली आहेत. आणि हाच अंक वाचून निर्धास्त मनाने दुसरी पुरणपोळी पानात वाढून घेणारीही पाहिली आहेत. आम्हांस चिंता वाटते ती या दुसऱ्या वर्गाची.

ज्यांस हिशेब ठाऊक नसेल त्यांच्यासाठी तो दोन ओळींत सांगतो. शरीराचे वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घ्यावी, आणि उंचीच्या वर्गाने वजनास भागावे. येणारा भागाकार साडेअठराच्या खाली असेल तर मनुष्य कृश. साडेअठरा ते पंचवीस या दरम्यान असेल तर निरोगी वजनाचा. पंचवीस ते तीस असेल तर वजनाने जास्त. आणि तिसाच्या पुढे लठ्ठ. पाच फूट पाच इंच उंचीचा, साठ किलो वजनाचा गृहस्थ घेतला तर त्याचा अंक 22 येतो, आणि त्यास प्रशस्तिपत्र मिळते. या अंकास शासकीय मराठीत 'शरीर वस्तुमान निर्देशांक' असे लांबलचक नाव आहे. पण ते कोणाच्या जिभेवर बसलेले नाही, म्हणून आम्हीही येथे 'निर्देशांक' एवढेच म्हणू. जिंतुरासारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा आता दवाखान्याच्या भिंतीवर त्याचा रंगीत तक्ता लटकत असतो. मधला पट्टा हिरवा असतो, आणि त्यात आपले बोट पडले की माणूस समाधानाने घरी जातो.

हा हिरवा पट्टा कोणी रंगविला, हे पाहू गेले असता प्रथम भेटतो तो वैद्य नव्हेच. ॲडॉल्फ केटले हा बेल्जियम देशातील ज्योतिषी आणि गणिती. याचा जन्म 1796 सालचा व मृत्यू 1874 चा. ब्रुसेल्सच्या वेधशाळेत ग्रहताऱ्यांचे वेध घेता घेता त्याच्या मनात असे आले की, ताऱ्याच्या स्थानाची अनेक मापे घेऊन त्यांची सरासरी काढली म्हणजे जसे खरे स्थान हाती लागते, तसेच असंख्य माणसांची मापे घेतली तर 'सरासरी माणूस' हाती लागेल. 1835 साली प्रसिद्ध झालेल्या मनुष्यविषयक ग्रंथात त्याने ही कल्पना मांडली; आणि पूर्ण वाढ झालेल्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे निरीक्षणही नोंदविले. लठ्ठपणा हा त्याच्या चिंतनाचा विषय नव्हता. कोणाच्या आरोग्याचा निवाडा करण्यासाठी त्याने हे गणित मांडले नाही. त्यास पाहिजे होता समाजाचा साचा.

जिंतुरानजीकच्या नेमगिरीच्या टेकडीवर गुंफांत ज्या जिनमूर्ती आहेत त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस आमचे म्हणणे चटकन उमगेल. आपल्याकडे मूर्ती घडविणाऱ्यास शास्त्राने तालमान घालून दिलेले आहे. मुखाची लांबी एवढी तर धड एवढे, मांडी एवढी, असा तो हिशेब असतो. ते प्रमाण मूर्तीसाठी असते. दर्शनास आलेल्या माणसास कोणी त्या तालमानाने मोजून 'तुझी मांडी अशास्त्रीय आहे' असे म्हणत नाही. केटलेचा सरासरी माणूस ही अशीच एक घडविलेली मूर्ती होय. फरक एवढाच की पुढच्या पिढ्यांनी दर्शनास आलेल्यांनाच त्या मूर्तीच्या मापाने मोजावयास आरंभ केला.

हा आरंभ करणारे प्रथम विमेवाले. माणूस लवकर मेला तर विमा कंपनीस तोटा येतो, म्हणून अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन कंपनीने 1942-43 साली आणि पुन्हा 1959 साली उंचीवजनाचे तक्ते प्रसिद्ध केले. विमा उतरविण्याची ऐपत असलेल्या अमेरिकन स्त्रीपुरुषांवरून ते तयार झाले होते, हे सांगावयास नकोच. या तक्त्यांवर अँसेल कीझ नावाचा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ नाराज होता. 1972 साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांवर पुरुषांची मापे एकत्र करून, उंचीवजनाची निरनिराळी सूत्रे चरबीच्या मापांशी ताडून पाहिली. केटलेचे जुने सूत्र त्यांतल्या त्यात बरे ठरले, आणि त्यास आजचे नाव मिळाले. कीझचा हा निबंध वाचण्यासारखा आहे, कारण त्यात आज त्याच्या नावावर खपणारा आत्मविश्वास कोठेच नाही. हे सूत्र पूर्ण समाधानकारक नाही, इतर सूत्रांहून वाईट मात्र नाही, अशा मवाळ शब्दांत त्याने आपला निकाल दिला आहे. आणि त्याची दृष्टी मोठ्या लोकसमूहांची तुलना करण्यावर होती. ते पाच देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, इटली, जपान व दक्षिण आफ्रिका. हिंदुस्थानचा त्यांत एकही मनुष्य नव्हता, आणि कोठलीच स्त्री नव्हती. ज्या मापाच्या पायाभरणीत आपली आजी, आई, बहीण यांपैकी कोणाचाही हिशेब धरलेला नाही, तेच माप आज त्यांच्या हातात चिठ्ठी म्हणून दिले जाते.

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल की, उगम कसाही असो, माप आज उपयोगी पडते की नाही एवढेच बोला. ते म्हणणे रास्त आहे. तेव्हा आता मापाच्या गुणदोषांकडे वळू.

वजनकाट्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यावयाच्या तर आमच्या जिंतूरच्या मोंढ्यासारखी दुसरी शाळा नाही. काटा पोत्याचे वजन बिनचूक सांगतो. पण पोत्यात ज्वारी आहे की माती, हे सांगणे त्याच्या अधिकारात नाही. म्हणून कोणताही खरेदीदार नुसत्या काट्यावर विसंबत नाही. तो पोत्यात हात घालतो, दाणा तळहातावर घेतो, दाताखाली फोडून पाहतो. कापूस विकत घेणारा तर वजनाआधी ओलावा पाहतो, कारण पाण्याचे वजनही काट्यावर कापसाचेच म्हणून चढते. धान्याच्या बाबतीत जी सावधगिरी अडाण्यासही कळते, ती देहाच्या बाबतीत शिकलेले लोक विसरतात, याचे आम्हांस नवल वाटते. माणसाच्या वजनात हाडे आहेत, मांस आहे, पाणी आहे आणि मेद आहे. निर्देशांक या चौघांची मोळी बांधून एकच आकडा सांगतो. समजा, त्याच मोंढ्यावर पाठीवर पोती वाहणारा एक हमाल आणि गादीवर बसून हिशेब लिहिणारा एक अडत्या, दोघेही पाच फूट पाच इंच उंच व साठ किलो वजनाचे आहेत. दोघांचाही अंक 22. एकाचे वजन खांद्यात, पाठीत आणि पोटऱ्यांत आहे; दुसऱ्याचे सदऱ्याखाली, पोटावर. तक्ता दोघांस एकाच हिरव्या पट्ट्यात बसवितो. आणि तालमीतला पाच फूट आठ इंची, पंचाण्णव किलोंचा मल्ल त्या तक्त्यापुढे उभा केला तर त्याचा अंक 32 च्या घरात जाऊन तो लठ्ठ ठरतो. मल्लाचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, आणि ते ऐकून लोक हसतात; पण त्यात फारसा अनर्थ नाही, कारण मल्लास स्वतःचा देह ठाऊक असतो. अनर्थ आहे तो अडत्याच्या उदाहरणात. तक्त्याने त्याला काहीच सांगितले नाही.

या अडत्याचे शास्त्रीय चित्र ज्यांनी जगापुढे ठेवले ते गृहस्थ महाराष्ट्रातलेच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 सालच्या जानेवारीत 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक इवलासा लेख छापला. (साखरेविरुद्ध ग्रंथ लिहिणारे जॉन युडकिन ते निराळे, ते 1995 सालीच वारले होते.) लेख कसला, दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आणि खाली मजकुराचा एक परिच्छेद! दोघांचाही निर्देशांक 22.3. क्षकिरणांच्या यंत्राने शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिनांच्या शरीरात तो 9.1 टक्के भरला, आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या लेखास 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव पडले, आणि तो पुढे जगभर गाजला.

वाङ्मयाच्या दृष्टीनेही हा परिच्छेद आम्हांस फार आवडला. शास्त्रीय लेखनात लेखकाने स्वतःचे शरीर पुराव्यादाखल मांडावे, आणि वर स्वतःची थट्टा करावी, हे दुर्मिळ आहे. युडकिन मॅरॅथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत जाऊन ते गाठणे, अशा आशयाचा त्यात विनोद आहे. याज्ञिकांचे जन्मवेळचे वजन कमी होते, हेही तेथे सांगून टाकले आहे. परंतु आवडले म्हणून परीक्षण सोडावे असे नाही. त्या विनोदातच या पुराव्याचे दुबळेपण दडलेले आहे. एक धावणारा आणि एक न धावणारा अशी दोन माणसे घेतली तर त्यांच्या मेदात अंतर पडणारच. त्यासाठी एक भारतीय व एक गोरा असण्याची गरज काय? दोन इंग्रज घेऊनही असे चित्र काढता आले असते. एवढे मात्र त्या छायाचित्राने निर्विवाद दाखविले की, एकच अंक दोन अगदी भिन्न देहांना शोभू शकतो. ते 'भारतीय देह' या सिद्धान्ताचा पुरावा होऊ शकत नाही. मूळ लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. तो पुढे उद्धृत करणाऱ्यांनी केला. गाजलेल्या कवितेचे जे होते तेच येथे झाले. ओळ सर्वांना पाठ, आणि मागचेपुढचे कडवे कोणी वाचीत नाही.

ते मागचे कडवे म्हणजे याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांचा पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतला अभ्यास. 1993 साली तो सुरू झाला. शेतकरी घरांतील स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून नोंदवून घेऊन, त्या काय खातात, किती कष्ट करतात, आणि त्यांची मुले कशी जन्मतात, हे तेथे पाहण्यात आले. या मातांचा निर्देशांक सरासरीने 18 च्या जवळपास होता. म्हणजे तक्त्याप्रमाणे कित्येकजणी कृश. 2003 साली या खेड्यांतील 631 पूर्ण दिवसांच्या अर्भकांची तुलना इंग्लंडातील साउदॅम्प्टन गावच्या 338 अर्भकांशी करून निष्कर्ष छापले गेले. आपल्या अर्भकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचे 3.5 किलो. पोटाचा घेर, दंडाचा घेर यांत आपली बाळे फारच मागे. आता एवढे अंतर असता कातडीखालचा मेदही त्याच मानाने कमी भरावयास पाहिजे होता. परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेला मेदाचा थर मात्र फारसा मागे नव्हता. बाळाने मांस सोडले आणि मेद राखला, अशी ही गोष्ट आहे.

छायाचित्राविषयी आम्ही जी शंका काढली ती येथे टिकत नाही. नुकतेच जन्मलेले मूल मॅरॅथॉन धावलेले नसते, आणि लिफ्टने वरखालीही गेलेले नसते. त्याच्या देहात जे आहे ते आईच्या पोटातून आणलेले आहे. हाडकुळे दिसणारे, आणि तरीही त्या मानाने मेद बाळगून असलेले असे हे बाळ. 'थिन-फॅट' असे त्याचे इंग्रजी नामकरण झाले. त्यास मराठी प्रतिशब्द कोणी करील तो करो. 'हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा' असे म्हणणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कुपोषित किंवा जंतांनी पोट वाढलेले मूल असे, तरी देहाचे सर्व भाग एका मापाने घटत वा वाढत नाहीत एवढे त्यांस पक्के ठाऊक होते.

पुढे ही मुले वाढली, आणि पाहणाऱ्यांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही, हे या अभ्यासाचे मोठेपण. अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील 48 टक्के मुलामुलींचा निर्देशांक साडेअठराच्या खाली होता. तक्त्याच्या भाषेत त्यांना खाऊपिऊ घालावयास पाहिजे होते. लठ्ठपणाशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. आणि याच समूहात 37 टक्के मुलगे व 18 टक्के मुली यांच्या रक्तातील साखरेचे प्रमाण बिघडलेले आढळले. अठरा वर्षांचे वय, खेड्यातील घर, सडपातळ अंग, आणि मधुमेहाच्या वाटेवर पाऊल! हे आकडे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. निर्देशांकाविरुद्ध आजवर झालेल्या सर्व वादांत याहून जबर साक्ष आमच्या पाहण्यात नाही. मल्लाच्या बाबतीत अंक खोटा आरोप करतो, तो पुसता येतो. या मुलांच्या बाबतीत तो खोटी हमी देतो, आणि हमीवर विश्वासून कोणी रक्त तपासावयास जात नाही.

याची शरीरशास्त्रातील कारणे थोडक्यात अशी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू शोषून घेतात. स्नायू थोडे असतील तर ती घेणारा भांडारीच अपुरा पडतो. दुसरीकडे, पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात साठणारा मेद हा इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. त्यात पोटात असताना उपासमार झालेल्या गर्भाच्या स्वादुपिंडाची घडणही कमी प्रतीची राहते. या तीनही गोष्टी वजनकाट्यास दिसत नाहीत. उलट, स्नायू कमी म्हणून वजन कमी, आणि वजन कमी म्हणून अंक चांगला, असा उफराटा न्याय होतो.

आमच्या मराठवाड्याच्या वाचकांना हा विषय परक्याचा वाटू नये. 1972 च्या दुष्काळात जी बाळे आयांच्या पोटात होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आयांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि परदेशाहून आलेली तांबडी मिलो खाल्ली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पुढे शिक्षण घेतले, मास्तरकी केली, कचेरीत खुर्ची धरली, मुलांना पुण्यामुंबईस पाठविले. दोन पिढ्यांत घर नांगरावरून संगणकावर आले. जेवण सुधारले, कष्ट संपले. पण पोटात असताना देहाने जी काटकसर शिकून घेतली ती काही तो विसरत नाही. अशा गृहस्थाचा अंक 22 किंवा 23 आला तर तो कोणत्या इतिहासावर आला आहे, हे विचारल्यावाचून त्याला शाबासकी देणे आम्हांस धाडसाचे वाटते.

आपले वैद्यकशास्त्र या बाबतीत झोपलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या सभेचा अहवाल त्याच 'लॅन्सेट'च्या त्याच अंकात, म्हणजे वर वर्णिलेल्या छायाचित्राच्या जोडीनेच प्रसिद्ध झाला होता. आशिया खंडातील लोकांना कमी निर्देशांकावरच मधुमेह व हृदयविकार यांचा धोका सुरू होतो, हे त्या सभेने मान्य केले. मात्र जुन्या सीमा तशाच ठेवून 23 आणि 27.5 यांसारख्या जादा खुणा तिने सुचविल्या. भारतातील तज्ज्ञांनी 2009 साली अधिक स्पष्ट भूमिका घेतली : 23 पासून वजन जास्त, 25 पासून लठ्ठपणा. म्हणजे एका रात्रीत कोट्यवधी माणसे, एक शेरही न वाढता, एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेली. अमेरिकेतही 1998 साली असाच प्रकार झाला होता. तेथे सीमा 27 च्या पुढून खाली 25 वर आणली गेली.

या सीमाबदलास आमचा विरोध नाही. कमी अंकावर सावध करणे हे आपल्या लोकांच्या दृष्टीने हिताचेच आहे. परंतु ही दुरुस्ती मुळास हात घालीत नाही. पोत्यात माती येते म्हणून वजनाची अट दोन शेरांनी बदलली, तर मातीची ज्वारी होत नाही. 23 ची सीमा लावली म्हणून आमचा 22 चा अडत्या धोक्याबाहेर जात नाही, आणि त्या अठरा वर्षांच्या मुलांना तर ती सीमा स्पर्शही करीत नाही. शिवाय 'भारतीय देह' हा शब्दप्रयोग आजकाल ज्या सैलपणे केला जातो तोही आम्हांस खटकतो. भारतीय रक्तातच काही दोष आहे, असा त्यातून ध्वनी निघतो, आणि एकदा दोष रक्तात टाकला की कोणावर जबाबदारी राहत नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दुसरेही एक निरीक्षण आहे. ज्या माता गर्भारपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे वजनाने सरस होती. मेथीची जुडी आणि दुधाचा पेला ज्या घरात सुनेच्या ताटात शेवटी येतो, किंवा येतच नाही, त्या घराची ही गोष्ट आहे. हिला वंशाची गोष्ट म्हणणे म्हणजे घराने हात झटकणे होय.

आमच्या प्राचीन वैद्यकाचा अभिमान बाळगणारे वाचक येथे चरकाची आठवण करून देतील. ती आठवण योग्यच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य शरीरांचा जो अध्याय आहे त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा सविस्तर विचार केलेला आहे, आणि ज्याचे मांस प्रमाणात व बांधा घट्ट आहे तो पुरुष उत्तम मानला आहे. मांस आणि मेद हे दोन वेगळे धातू, हा भेद त्या शास्त्रात पायाभूत आहे. आणि वजनकाट्याने नेमका तोच पुसून टाकला. तथापि चरकानेही स्थूलतेपेक्षा कृशता बरी, असे एके ठिकाणी म्हणून ठेवले आहे. दिसण्यात कृश व आतून मेदस्वी, अशा प्राण्याची त्याच्या वर्गीकरणात सोय नाही. तेव्हा 'सर्व काही आमच्या ग्रंथांत होते' असे म्हणण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

आता दुसऱ्या बाजूचा विचार. निर्देशांक चुकतो, हे कळल्यावर त्यास केराच्या टोपलीत टाकावे असे म्हणणारा एक पक्ष अलीकडे निघाला आहे. शहरांतील सुखवस्तू वर्गात त्यास बरेच अनुयायी आहेत. आपले वाढते वजन हा केवळ भारदस्त हाडांचा परिणाम होय, असे मानावयास कोणास आवडणार नाही? या पक्षाशी आमचे जमत नाही. तीस, पस्तीस असे मोठे अंक आले असता त्यांतील बहुतेक माणसे खरोखरच मेदाने जड असतात. मल्ल गावात कितीसे असतात! आणि खालच्या टोकास तर हा अंक अद्याप मोलाचा आहे. गर्भार राहू पाहणाऱ्या सुनेचा अंक 17 आला, तर त्यावर वाद घालीत बसण्याचे कारण नाही; तिचे पोट भरत नाही, किंवा तिला आजार आहे, एवढे तो स्पष्ट सांगतो. हजारो माणसांच्या तुलनेसाठी, दुष्काळ पडला की नाही हे पाहण्यासाठी, जिल्ह्याजिल्ह्यांतील उपासमार मोजण्यासाठी, एक काटा व एक उंचीची पट्टी एवढ्यावर मिळणारे दुसरे स्वस्त साधन नाही. केटले व कीझ यांनी त्यास जे काम नेमून दिले होते ते तो आजही इमानाने करतो. बिघडते ते त्यास त्याच्या मूळ कामावरून काढून एकेका माणसाचा न्यायाधीश नेमल्यामुळे. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर तो दोनदा फसतो. वयाने स्नायू झिजतात आणि त्यांची जागा मेद घेतो, वजन तेवढेच राहते. आणि पाठीला बाक येऊन उंची घटते, त्यामुळे काही न खाताही अंक वाढतो.

2025 सालच्या जानेवारीत जगातील अनेक तज्ज्ञांच्या एका मंडळाने याच दिशेने आपले मत दिले. लठ्ठपणाचे निदान नुसत्या निर्देशांकावर करू नये, कंबरेच्या मापाने किंवा मेदाच्या प्रत्यक्ष मोजणीने त्याची खात्री करून घ्यावी, आणि त्यापुढे जाऊन त्या मेदाने एखाद्या इंद्रियाचे काम बिघडविले आहे काय हे पाहावे, असे त्यांनी सुचविले. क्षकिरणांचे यंत्र जिंतुराच्या प्रत्येक घरी येणार नाही, यावे असेही नाही. परंतु शिंप्याच्या गळ्यातली फीत कोणास दुर्मिळ आहे? पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची 80 च्या आत असावी, असा दंडक भारतीय तज्ज्ञांनी घालून दिला आहे. त्याहून सोपा हिशेब म्हणजे कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. दोरीचा एक तुकडा उंचीएवढा कापून त्याची दुमड कंबरेभोवती फिरविली की झाले. अक्षरशत्रूसही ते करता येते. फीत बेंबीच्या थोडी वर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये, श्वास सोडून धरावी. पोट आत ओढून घेणाऱ्या मंडळींनी आपण कोणास फसवितो याचा विचार करावा. आणि ज्या घरात आईवडिलांपैकी कोणास मधुमेह आहे, किंवा ज्याचे जन्मवजन कमी होते, त्याने फितीवरही न थांबता रक्तातील साखर तपासून घ्यावी, मग अंक हिरव्या पट्ट्यात असो वा नसो. स्त्रियांचे माप घरात घ्यावयाचे राहून जाते, असा आमचा अनुभव आहे. लुगडे आणि साडी ही दोन्ही वस्त्रे मापाची नव्हेत. पुरुषाची कंबर विजारीच्या बटणाने दरवर्षी आठवण करून देते, स्त्रीची तशी देत नाही.

फितीचे माप घेतल्याने किती फरक पडतो, हे आपल्या सरकारच्याच कागदांत नमूद आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन आणि उंची यांबरोबर कंबर व नितंब यांचेही माप प्रथमच घेण्यात आले. निर्देशांकाच्या रकान्यात 25 किंवा त्याहून अधिक अंक असलेल्या स्त्रिया देशात शेकडा 24 आणि पुरुष शेकडा 22.9 भरले. कंबर व नितंब यांच्या गुणोत्तराच्या रकान्यात धोक्याच्या रेषेपलीकडे असलेल्या स्त्रिया शेकडा 56.7 आणि पुरुष शेकडा 47.7 आहेत. हे दुसरे माप निर्दोष आहे असे नव्हे, त्यालाही स्वतःची चुकभूल आहे. परंतु ते दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले असता मध्ये जी शेकडा तीसबत्तीस स्त्रियांची तफावत उरते, त्या स्त्रियांपैकी बहुतेकींना दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्याने आजवर काहीच सांगितलेले नाही.